काळीचा भरवसा

तीर्थस्वरूप नानामामांस,


परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "जी माती आमच्या घराची भिंत सरळ उभी राहू देत नाही, तिच्या भरवशावर तुम्ही लोक अणुभट्टीचा कचरा लाख वर्षं ठेवणार?" मी फिनलंडमध्ये मातीच्या प्रयोगशाळेत नोकरी करते एवढं गावात सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे नेमकं काय चालतं, हे विचारणारे तुम्ही पहिलेच. उत्तर लिहायला बसले आणि वाटलं, हे पत्र फक्त आपल्या घरी कशाला जावं? काळ्या मातीत ज्यांचा जन्म गेला त्यांना हा प्रश्न विचारायचा हक्क इतर कुणाहीपेक्षा जास्त आहे. म्हणून संपादकांना विचारून हे पत्र इथे छापायला दिलं. मधे मधे थोडं शास्त्र येईल, पण ते तुम्हाला नवं नाही. तुम्ही ते वेगळ्या शब्दांत आयुष्यभर वापरत आला आहात.

आधी ओळख करून देते. आपली काळी म्हणजे दख्खनचा लाव्हा झिजून, कुजून झालेली माती. तो लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. त्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. वैशाखात भुई उलते आणि भेगेत हात कोपरापर्यंत जातो. मृगाचा पाऊस पडला की त्याच भेगा मिटतात आणि वावरात पाय टाकला तर चप्पल मागे राहते. हे सगळं त्या एका खनिजाचं काम. अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये सुमारे १० कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीची राख समुद्रात पडली आणि तिचीही अशीच माती झाली. तिला बेंटोनाइट म्हणतात. आपल्या काळीत हे खनिज बाकीच्या मातीत मिसळलेलं असतं. वायोमिंगच्या चांगल्या बेंटोनाइटमध्ये ते शंभरात ७५ ते ८५ भाग असतं. गोत्र एकच, पण ती आपल्या काळीपेक्षा कितीतरी जास्त फुगते. आपल्या देशातही कच्छमध्ये आणि राजस्थानात बारमेरकडे बेंटोनाइटच्या खाणी आहेत. विहिरीचं बोअर मारताना यंत्रवाले जो चिखल ओततात, त्यात बहुधा तीच असते.

आता ती कुठे वापरायची आहे ते सांगते. फिनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर ओल्किलुओतो नावाचं बेट आहे. तिथे अणुवीज केंद्र आहे आणि त्याच बेटाखाली २००४ पासून खडकात बोगदे खोदत नेले. त्या जागेचं नाव ओंकालो. खोली ४०० मीटरच्या वर, म्हणजे आपल्याकडच्या बोअरपेक्षाही खोल. खडक जुना, जवळजवळ १९० कोटी वर्षांचा. अणुभट्टीतून निघालेलं वापरलेलं इंधन ओतीव लोखंडाच्या गाभ्यात बसवायचं आणि त्याभोवती ५ सेंटिमीटर जाड तांब्याचं कवच घालायचं. बोगद्याच्या तळाला सुमारे ८ मीटर खोल उभा खड्डा घ्यायचा, त्यात हा डबा सोडायचा, आणि डबा व खडक यांच्यामध्ये दाबून केलेल्या बेंटोनाइटची कडी रचायची. भोवताली सुमारे ३५ सेंटिमीटर माती. मग वरचा बोगदाही मातीनं भरून टाकायचा. स्वीडनमध्ये फोर्समार्क इथे हीच पद्धत मंजूर झाली आहे. मूळ कल्पना स्वीडनचीच.

हे वाचून तुम्हाला आजोबांच्या वेळचं पेव आठवेल. गावाच्या पांढरीत खणलेलं, आत कडबा-भुसा लावलेलं, तोंड लिंपून टाकलेलं. त्या पेवाचं सगळं शास्त्र पाणी बाहेर ठेवण्याचं. ओल शिरली की ज्वारी काळी पडली. ओंकालोचं मात्र याच्या बरोबर उलटं आहे. जमिनीखाली इतक्या खोल, पाण्याच्या पातळीच्या कितीतरी खाली, पाणी येणारच. आज नाही तर शंभर वर्षांनी, खडकाच्या बारीक भेगांतून. रचना करणाऱ्यांनी ते गृहीत धरलं आहे. एवढंच काय, पाणी आल्याशिवाय ही माती कामालाच लागत नाही. कोरडी असेपर्यंत ती नुसती रचलेल्या विटांची थप्पी. पाणी पोचलं की ती फुगते, विटांमधल्या फटी बुजवते, खडकाच्या अंगाला जाऊन भिडते आणि आत आलेल्या पाण्याचा रस्ता स्वतःच बंद करते.

ही फुगण्याची गोष्ट मी पहिल्यांदा जवळून पाहिली ती कॉलेजात, आणि ती माती तुमच्या वावरातली होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही पिशवीत भरून दिली होतीत. भट्टीत वाळवली, चाळणीतून बारीक गाळली. शंभर मिलिलिटरची काचेची दोन नळकांडी घेतली. दोन्हींत दहा-दहा ग्रॅम माती टाकली. एकात पाणी ओतलं, दुसऱ्यात रॉकेल. काडीनं हलवून हवेचे बुडबुडे काढले आणि रात्रभर तशीच ठेवून दिली. सकाळी पाहिलं तर रॉकेलमधली माती तळाला गुपचूप बसलेली, जेवढी टाकली तेवढीच. पाण्यातली मात्र तिच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर, वरचा थर लोण्यासारखा मऊ. ही आपल्या भारतीय मानकातली साधी चाचणी आहे. रस्ता किंवा इमारत बांधायच्या आधी काळ्या जमिनीवर ती करतातच. चाचणी साधी असली तरी तिच्यातून एक मोठी गोष्ट कळते. मातीला कुठलाही द्रव चालत नाही, तिला पाणीच लागतं. रॉकेलही द्रवच आहे, पण त्याला ती दाद देत नाही.

कारण असं. या खनिजाचे कण म्हणजे अतिशय पातळ पापुद्रे. एकेका पापुद्र्याची जाडी मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाएवढी. त्यात काही ठिकाणी ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम बसलेलं असतं, त्यामुळे पापुद्र्यावर ऋण भार राहतो. तो भार फेडायला पापुद्र्यांच्या मधल्या फटीत सोडियम किंवा कॅल्शियमचे धन भारित कण येऊन बसतात. ते कण पाण्याचे भुकेले. पाणी आलं की ते फटीत शिरतं, एक थर, मग दुसरा, मग तिसरा, आणि पापुद्रे एकमेकांपासून दूर सरकतात. सोडियम असेल तर तिथेच थांबत नाहीत, आणखी लांब जातात. रॉकेलच्या रेणूला त्या भारित कणांशी काही देणंघेणं नसतं, म्हणून तिथे काहीच घडत नाही. पापुद्रे किती, याचा अंदाज यावा म्हणून सांगते: शुद्ध मॉन्टमोरिलोनाइटच्या एका ग्रॅममधले सगळे पापुद्रे पसरले तर साडेसातशे चौरस मीटरच्या आसपास जागा भरेल. म्हणजे चिमूटभर मातीत जवळजवळ साडेसात गुंठे!

आता तुमच्या भिंतीकडे येते. काळीवर बांधलेल्या घराला तडे जातात, ते माती फुगते म्हणून, आणि दरवर्षी फुगते-आटते म्हणून. तिला वर मोकळीक असते. पावसाळ्यात ती घर उचलते, उन्हाळ्यात खाली सोडते, आणि घराचे चार कोपरे चार तऱ्हेनं हलतात. एक मजली हलकं घर जास्त फाटतं. जड इमारतीला ती तेवढी उचलू शकत नाही. यावर इलाजही आपल्याच लोकांनी शोधले. रुरकीच्या संशोधन संस्थेनं तळाशी फुगीर कंद असलेले खांब काढले. ते हलणाऱ्या थराच्या खाली, खोलवर पाय रोवतात. मुंबईच्या आयआयटीतले प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी दाखवलं की काळीवर न फुगणाऱ्या, पण चिकटून राहणाऱ्या मातीचा पुरेसा थर दाबून बसवला तर खालची माती शांत राहते. कर्नाटकात मलप्रभेच्या कालव्याला हा उपाय वापरला गेला. या सगळ्यांचा मथितार्थ एकच: फुगणं थांबवता येत नाही, त्याला आवर घालता येतो.

माझं रोजचं काम त्या आवराचा जोर मोजण्याचं. पोलादाची एक जाड कडी असते. तीत बेंटोनाइटची चकती दाबून बसवतात. वर-खाली पाणी जाऊ देणाऱ्या सच्छिद्र चकत्या, त्यावर पोलादाचं झाकण, आणि झाकणाला जोर मोजणारा काटा. बोल्ट आवळून झाकण असं पक्कं करायचं की माती कणभरही वर येऊ नये. मग खालून पाणी सोडायचं. डोळ्यांना काहीच दिसत नाही, कडी आहे तशीच असते. पण पडद्यावरचा आकडा चढायला लागतो. बऱ्याचदा तो आधी भरभर वर जातो, मग थोडा खाली येतो, आणि पुन्हा हळूहळू चढत जाऊन कित्येक दिवसांनी एका ठिकाणी थांबतो. मधला उतार का? तर सुरुवातीला दाणे फुगून एकमेकांना रेटतात, मग भिजून मऊ पडतात आणि मधल्या पोकळ्यांत कोसळतात. पोकळ्या भरल्या की पापुद्र्यांचा रेटा पुन्हा जाणवायला लागतो. ओंकालोत डब्याभोवतीच्या मातीकडून २ ते १० मेगापास्कलची अपेक्षा असते. हिशेब करा: १० मेगापास्कल म्हणजे एका चौरस मीटरवर सुमारे हजार टन. हीच माती मोकळी असताना चपलेला धरून ठेवते आणि कोंडली की डोंगराला रेटा देते.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं आहे. मातीचा जो गुण तुमच्या अंगणात अवगुण ठरतो, तोच चहूबाजूंनी कोंडलेल्या जागेत उपयोगी पडतो. फरक मातीत नाही, तिला ठेवण्याच्या अटींत आहे. आणि भरवसा ठेवायचा तो मातीवर नव्हे, त्या अटी पाळल्या जातात की नाही यावर. या अटी मी तुम्हाला एकेक करून सांगते, कारण त्यातल्या बऱ्याच तुम्ही आधीच ओळखता.

पहिली अट घट्टपणाची. माती किती दाबून बसवली आहे, यावर सगळं आहे. थोडी सैल पडली तरी फुगण्याचा जोर झपाट्यानं खाली येतो. पुरेशी घट्ट असेल तर तिच्यातून पाणी जवळजवळ वाहतच नाही. तिथे अपेक्षित असलेल्या घट्टपणाला, पाण्याला मीटरमागे मीटरभर दाबाचा उतार दिला तरी, वर्षभरात ते मिलिमीटरच्या तिसाव्या भागाएवढंही पुढे सरकत नाही. मग विरघळलेल्या किरणोत्सारी कणांना फक्त पाझरत, भटकत बाहेर पडण्याचाच मार्ग राहतो. त्यातले धन भारित कण, उदाहरणार्थ सीझियम, पापुद्र्यांना चिकटून आणखी मागे राहतात. आयोडिनसारखे ऋण भारित मात्र माती धरत नाही. त्यातल्या आयोडिन-१२९ चं अर्धायुष्य १ कोटी ५० लाख वर्षांहून जास्त आहे. म्हणून नुसत्या मातीवर सोडून चालत नाही, तांबं हवं, खडक हवा. घट्ट मातीचा आणखी एक फायदा: त्यातली छिद्रं इतकी बारीक की गंधकाचा वायू करणाऱ्या जिवाणूंना तिथे वाढायला जागा मिळत नाही. तो वायू तांबं खातो. पण घट्टपणालाही वरची मर्यादा आहे. फार दाबली तर माती दगडासारखी कडक होते, आणि भूकंपात खडक सरकला तर त्याचा हिसका जसाच्या तसा डब्यापर्यंत पोचवते. म्हणून पाण्यानं पूर्ण भरलेल्या मातीची घनता एका घनमीटरला १९५० ते २०५० किलोच्या पट्ट्यात हवी असं ठरवलं आहे. रोप लावताना माती किती दाबायची, याचा हात तुम्हाला आहे. इथे तेच, फक्त आकड्यांत.

दुसरी अट पाण्याच्या वेगाची. पाणी यायला हवं, पण घाई करून नाही. माती पूर्ण भिजून फुगायच्या आत एखाद्या भेगेतून जोरात पाणी आलं, तर ते मातीतून बारीक नळी पाडतं आणि माती वाहून नेतं. बंधाऱ्याच्या भरावात असं घडताना तुम्ही पाहिलं आहे. म्हणून खड्डा खोदल्यावर त्यात किती पाझर येतो ते मोजतात आणि जास्त पाझरणारा खड्डा बाद करतात. उलट, अगदी कोरड्या खडकात माती पूर्ण भिजायला हजारो वर्षंही लागू शकतात. तेवढा वेळ ती नुसती वाट पाहत बसते.

तिसरी अट क्षारांची, आणि इथे मी तुमच्याकडूनच शिकले आहे. ओढ्याकाठचा तो चोपण पट्टा आठवतो? पाऊस पडून गेल्यावर कितीतरी दिवस त्यावर गढूळ पाणी साचून राहायचं. खाली मुरायचं नाही आणि निवळायचंही नाही. तुम्ही परभणीच्या कृषी विद्यापीठातून माती तपासून आणलीत आणि जिप्सम टाकलंत. चोपण जमिनीत सोडियम वाढलेलं असतं. पावसाचं गोडं पाणी आलं की सोडियमवाले पापुद्रे एकमेकांना सोडून सुटे होतात, पाण्यात तरंगत राहतात आणि छिद्रं बुजवतात. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं, पापुद्र्यांना पुन्हा एकत्र आणतं, आणि पाण्याला वाट मिळते. आता उलटा विचार करा. शेताला जे नको, ते डब्याभोवती हवं: पाण्याला वाट न देणारी माती. पण तिथेही गोड्या पाण्याची भीती आहेच. उत्तरेकडच्या या देशांवर पूर्वी कित्येकदा किलोमीटर-दोन किलोमीटर जाडीचा बर्फ चढला आणि वितळला आहे. पुढच्या हिमयुगाच्या शेवटी वितळलेलं अगदी गोडं पाणी खडकाच्या भेगांतून खोल गेलं, तर भेगेच्या तोंडाशी फुगून आलेली बेंटोनाइट तुमच्या चोपण पट्ट्यातल्या मातीसारखीच सुटी होऊन वाहून जाऊ शकते. पाण्यात थोडं कॅल्शियम असेल तर ती धरून राहते. म्हणून जागा निवडताना खडकातल्या पाण्याचे क्षार मोजतात, आणि पुढच्या हिमयुगात किती माती जाईल याचा हिशेब आजच मांडावा लागतो. एक गंमतही सांगते. नळकांड्यात मोकळी सोडली तर सोडियमवाली बेंटोनाइट कॅल्शियमवालीपेक्षा कितीतरी जास्त फुगते. पण घट्ट दाबून कोंडली की दोघींचा जोर जवळजवळ सारखाच. घट्टपणाची अट मी पहिल्या नंबरावर ठेवली ती यासाठी.

चौथी अट उष्णतेची. वापरलेलं इंधन पुरलं तरी पुढची कित्येक दशकं तापत राहतं. त्यामुळे डब्याजवळची माती आधी सुकते, आटते, तिला भेगाही पडतात. फार तापली आणि आसपासच्या पाण्यात पोटॅशियम असेल, तर दीर्घ काळात तिचं न फुगणारं दुसरंच खनिज बनतं. म्हणून मातीचं तापमान १०० अंशांच्या खाली राहील अशा बेतानं डबे एकमेकांपासून लांब ठेवायचे, आणि इंधन आधी बरीच वर्षं पाण्याच्या टाकीत थंड करायचं.

आता तुमचा पुढचा प्रश्न मला ऐकू येतो: "हे सगळं कागदावर. करून पाहिलंय का कुणी?" लाख वर्षं थांबून कुणी पाहू शकत नाही, पण काही गोष्टी पाहता येतात. स्वित्झर्लंडच्या आल्प्समध्ये ग्रिम्झेलला ग्रॅनाइटमध्ये एक बोगदा आहे. तिथे १९९७ साली डब्याऐवजी मोठे हीटर ठेवले आणि भोवती स्पेनच्या अल्मेरिया भागातल्या बेंटोनाइटचे ठोकळे हातांनी रचले. हीटर १०० अंशांवर ठेवले. एक २००२ साली बाहेर काढला, दुसरा १८ वर्षं चालवून २०१५ साली. ठोकळे काढताना दिसलं की रचताना ज्या फटी राहिल्या होत्या त्या मिटल्या होत्या. खडकालगतची माती भिजून सैल झालेली, हीटरजवळची अजून कोरडी आणि घट्ट. म्हणजे माती सगळीकडे एकसारखी होत नाही, हा फरक राहतो, आणि हिशेबात तो धरावाच लागतो. पण बुजवायचं काम तिनं केलं होतं.

दुसरा दाखला माणसानं केलेला नाही, आणि तो तुम्हाला जास्त पटेल. इटलीच्या उम्ब्रिया प्रांतात दुनारोब्बा नावाच्या गावाजवळ विटांसाठी माती काढताना झाडांचे बुंधे सापडले. उभेच्या उभे, जिथे वाढले तिथेच. वय किमान १५ लाख वर्षं. ते दगड झालेले नाहीत, अजूनही लाकूडच आहे. चिकणमातीनं त्यांना चहूबाजूंनी वेढलं, पाणी आणि हवा आत जाऊ दिली नाही, म्हणून ते कुजले नाहीत. आता माती उकरून ते उघडे पडल्यावर मात्र सांभाळायला छप्पर घालावं लागलं.

हा बेत कधी फसतो याचाही एक दाखला द्यायला हवा, नाहीतर मी नुसती वकिली करतेय असं तुम्हाला वाटेल. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये कार्ल्सबादजवळ मिठाच्या थरात, ६५० मीटरहून जास्त खोल, अण्वस्त्रांच्या कामातला कचरा पुरतात. तिथे १४ फेब्रुवारी २०१४ रोजी एक पिंप आतून तापून फुटलं आणि किरणोत्सारी द्रव्य बाहेर पसरलं. ते पिंप लॉस आलामोसच्या प्रयोगशाळेतून भरून आलं होतं. त्यात ओलावा शोषायला मातीच्या जातीची, न जळणारी भुकटी घालायची, त्याऐवजी गव्हापासून केलेली, मांजरांच्या शौचासाठी वापरतात ती भुकटी घातली गेली होती. आतल्या नायट्रेटच्या क्षारांशी तिची गाठ पडली आणि ती तापत गेली. ते केंद्र जवळजवळ तीन वर्षं बंद राहिलं. म्हणजे माती फसली नव्हती. तिच्या जागी दुसरंच काहीतरी कुणीतरी घातलं आणि ते कुणी थांबवलं नाही. कोट्यवधी वर्षांचा अनुभव मातीकडे आहे. आपल्या हाताळणीला मात्र अजून पुरती शंभर वर्षंही झालेली नाहीत.

आणि आपल्याकडे? भारतात अजून असं खोल पुरण्याचं ठिकाण नाही. आपण वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया करून युरेनियम आणि प्लुटोनियम परत काढतो. मागे उरलेला जहाल द्रव तारापूर, तुर्भे आणि कल्पाक्कम इथे काचेत वितळवून घट्ट करतात, आणि ती काच पोलादी डब्यांत, हवेनं थंड होत ठेवलेली असते. तारापूर आपल्याच पालघर जिल्ह्यात आहे, त्यामुळे हा विषय फिनलंडचा म्हणून सोडून देता येत नाही. १९८० च्या दशकात कोलारच्या सोन्याच्या खाणीच्या सोडलेल्या भागात, सुमारे किलोमीटरभर खोल, हीटर ठेवून खडक उष्णतेला कसा वागतो ते आपल्या शास्त्रज्ञांनी पाहिलं होतं. बारमेरच्या बेंटोनाइटवर आपल्याकडे प्रयोग होत आले आहेत. एक ना एक दिवस काचेचे ते डबे कायमचे कुठेतरी न्यावेच लागतील. कुणाच्या तरी गावाखाली.

फिनलंडमध्ये एक गोष्ट मला फार आवडली. ज्या नगरपालिकेच्या हद्दीत हे होणार, तिला नकार देण्याचा अधिकार कायद्यानंच आहे. ओल्किलुओतो ज्या एउरायोकी पालिकेत येतं, तिनं २००० साली मतदान करून होकार दिला, आणि त्यानंतर २००१ साली संसदेनं १५९ विरुद्ध ३ मतांनी मान्यता दिली. आधी गाव, मग देश. त्या गावाजवळ अणुवीज केंद्र आधीपासून आहे, रोजगार आणि कर तिथूनच मिळतो, त्यामुळे होकार सोपा होता हेही खरं. तरीही विचारलं गेलं, आणि बांधायचा परवाना मिळेपर्यंत २०१५ उजाडलं. घाई कुणी केली नाही.

म्हणून सांगते, उद्या कधी आपल्या मुलुखात असला कागद ग्रामसभेसमोर आला, तर "आम्ही अडाणी, आम्हाला काय कळतं" असं म्हणून मागे बसू नका. साहेबांना विचारा, माती कुठली आणि तीत फुगणारं खनिज किती? दाबून किती घट्ट बसवणार, आणि ते मोजणार कोण? खडकातलं पाणी गोडं की खारट, त्यात कॅल्शियम किती? खड्ड्यात पाझर किती आला तर तो बाद करणार? डब्यात काय भरलं याची नोंद कोण तपासणार, आणि ती आम्हाला दाखवणार का? शेवटी, नाही म्हणायचा अधिकार आम्हाला आहे की नाही? हे प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. चोपणीत जिप्सम का टाकायचं हे ज्याला कळतं, त्याला यातला निम्मा विषय कळलेला असतो. ज्या साहेबाला यांची उत्तरं देता येणार नाहीत, त्याची माती कितीही चांगली असो, त्याच्या कागदावर सही करू नका.

मामींना नमस्कार. छोट्याला सांगा, दहावीचे पेपर झाले की दोन नळकांडी आणि थोडं रॉकेल शोधून ठेव, चाचणी कशी करायची ते मी फोनवर सांगेन.

तुमची भाची,
सुमा
एस्पो, फिनलंड